तारण गमावता येते काय? : संत जोसेफ वाझ ह्यांचे जीवन



दरवर्षी १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ ह्यांचा सण साजरा करते. सावंतवाडी रोड स्थानकावरून गाडी पकडली की दोनेक तासांत मडगाव येते आणि तेथून त्यांचे जन्मगाव बाणावली अगदी जवळ आहे. नोव्हेनाच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामांतूनही कित्येक कुटुंबे सांकवाळच्या तीर्थस्थानी जातात, मेणबत्ती लावतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. परंतु हा शेजारगावचा धर्मगुरू श्रीलंकेत नेमका कशासाठी गेला, असे विचारले, तर बहुतेक जण सुवार्ता सांगण्यासाठी एवढेच उत्तर देतील. ते उत्तर खरे आहे, परंतु पुरेसे नाही. फादर वाझ तेथे मुख्यतः अशा लोकांसाठी गेले, ज्यांनी सुवार्ता आधीच ऐकली होती, ज्यांचा स्नानसंस्कार झाला होता, आणि ज्यांना आपण देवाच्या कृपेत आहोत की नाही हे सांगणारे कोणीही उरले नव्हते.

हा विषय आम्ही आज मुद्दाम घेत आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले नोकरीनिमित्त मुंबईस, पुण्यास, आखातात आहेत. तेथे भेटणारे इतर पंथांचे ख्रिस्ती मित्र त्यांना प्रेमाने प्रार्थनासभेस बोलावतात, आणि एक प्रश्न हमखास निघतो : ज्याने एकदा येशूचा मनापासून स्वीकार केला, त्याचे तारण कायमचे निश्चित झाले की नाही? झाले असेल, तर मग पुन्हा पुन्हा पापनिवेदन कशाला? मुले सुट्टीत घरी येतात आणि हा प्रश्न आईवडिलांना विचारतात. आईवडील तो धर्मगुरूंकडे पाठवतात. उत्तर देण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. आम्हास सर्वांत सोपा मार्ग एका माणसाचे आयुष्य सांगण्याचा वाटतो, कारण ह्या प्रश्नाच्या दोन उत्तरांमध्ये सापडलेल्या लोकांसाठीच ते आयुष्य खर्ची पडले.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, त्यांच्या आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा बाणावलीची. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. आठव्या दिवशी बाणावलीच्या संत जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. पोर्तुगीज सांकवाळास, लॅटिन बाणावलीस, पुढे गोव्याच्या राजधानीत जेज्विटांच्या सेंट पॉल कॉलेजात वाङ्मय आणि डोमिनिकनांच्या सेंट थॉमस अक्वायनस विद्यालयात तत्त्वज्ञान व ईशज्ञान, असा त्यांचा अभ्यासक्रम झाला. १६७६ मध्ये आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव ह्यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी पायांत जोडे घालणे सोडले. गरीब चालतात तसे आपणही अनवाणी चालावे, एवढीच त्यामागची भावना होती. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले आणि तसे लेखी करारपत्रच करून ठेवले. त्या काळी गुलामांची खरेदीविक्री होत असे, दास म्हणजे काय हे सर्वांस ठाऊक होते. वाझ ह्यांनी तो शब्द शोभेसाठी वापरला नाही, हे पुढील चौतीस वर्षांनी दाखवून दिले.

आता समुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहू. श्रीलंकेच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांच्या काळात हजारो लोक कॅथोलिक झाले होते. त्यांतील काहींच्या धर्मांतरात राजसत्तेचा लोभ व धाक ह्यांचा भाग होता, हे मान्य केले पाहिजे, परंतु दोनतीन पिढ्यांत तो धर्म त्यांच्या घरांत मुरला होता. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतले, १६५८ मध्ये मन्नार आणि जाफना. पोर्तुगीज धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले. त्याच वर्षी हुकूम निघाला की कॅथोलिक धर्मगुरूस जो आसरा देईल त्यास देहान्ताची शिक्षा. चर्चच्या इमारती रिफॉर्म्ड पंथाच्या उपासनेसाठी घेतल्या गेल्या. स्नानसंस्कार, लग्न, मुलांची शाळा, सारे डच पाद्र्यांच्या नोंदवहीत आले. सरकारी हुद्दा हवा असेल तर रिफॉर्म्ड असणे आवश्यक ठरले. नोंदवहीत नाव नसेल तर लग्न कायदेशीर नाही, मग वारसाहक्काचे काय? तेव्हा लोकांनी नावे दिली. दिवसा डचांच्या उपासनेस हजेरी लावायची आणि रात्री दार लावून घेऊन जपमाळ म्हणायची, असे जीवन सुरू झाले. वडीलधाऱ्यांनी मुलांना क्रूसाची खूण शिकवली. परंतु पापनिवेदन ऐकणारा कोणीही नव्हता. एक वर्ष नव्हे, दहा नव्हे, जवळजवळ तीस वर्षे.

येथे दोन्ही बाजूंची शिकवण समजून घेतली पाहिजे, नाहीतर फादर वाझ ह्यांची तळमळ कळणार नाही.

डच रिफॉर्म्ड चर्चची शिकवण हॉलंडमधील डॉर्ट शहरी १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेत निश्चित झाली होती. देवाने ज्यांस निवडले आहे ते अखेरपर्यंत टिकतातच, असे त्या सभेने ठरवले. निवडलेला माणूस गंभीर पापात पडू शकतो, देवाच्या कृपेची जाणीव त्यास काही काळ होईनाशी होऊ शकते, परंतु तो कृपेतून पूर्णपणे व कायमचा निसटत नाही. आपल्याकडे काही वेळा असे बोलले जाते की ह्या शिकवणीने लोकांस मनसोक्त पाप करण्याची मुभा दिली. तसे म्हणणे अन्यायाचे आहे. डॉर्टच्या सभेनेही पश्चात्ताप व पवित्र जीवन ह्यांवर भर दिला होता. त्या शिकवणीत मोठा दिलासा आहे, आणि तो दिलासा देवाच्या विश्वासूपणावर उभा आहे, माणसाच्या चांगुलपणावर नाही. हे आम्हास मोकळेपणाने मान्य करावेसे वाटते.

कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण त्यापूर्वी ट्रेंट येथील महासभेच्या सहाव्या सत्रात, १३ जानेवारी १५४७ रोजी, मांडली गेली होती. तारण हे देवाचे फुकट दान आहे, कमाई नव्हे, ह्याविषयी तेथेही दुमत नाही. परंतु देव माणसाचे स्वातंत्र्य काढून घेत नाही. ज्याने कृपा स्वीकारली तो तिला नाकारूही शकतो. महापाप केल्याने माणूस कृपा गमावतो, जरी त्याचा विश्वास नष्ट झालेला नसला तरी. अखेरपर्यंत टिकणे हेही देवाचेच दान आहे, आणि देवाने विशेष प्रकटीकरण केल्याशिवाय आपण टिकणारच अशी पूर्ण खात्री कोणी बाळगू नये. संत पेत्राने एका रात्रीत तीनदा नाकारले. संत पौलालाही इतरांस उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये ह्याची काळजी होती. मात्र ट्रेंटची शिकवण येथे थांबत नाही, आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत हाच भाग अनेकदा घाईने उरकला जातो असे आमचे मत आहे. गमावलेली कृपा परत मिळते. पडलेल्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. जहाज फुटले तरी धरायला दुसरी फळी आहे, असे प्राचीन काळापासून ख्रिस्तसभेत म्हटले जात आले आहे.

म्हणजे कॅथोलिक माणूस देवळातील त्या लहानशा लाकडी जाळीशी बांधलेला आहे. तिला आपली आजी 'कुमसार' म्हणे. आता ती जाळीच कायद्याने काढून टाकली, तर? तीस वर्षांत कितीतरी माणसे मेली असतील. ज्यांनी हुद्द्यासाठी मनाविरुद्ध दुसऱ्या पंथात नाव घातले, त्यांनी धर्म नाकारला काय? त्यांचे काय झाले? ट्रेंटच्या महासभेने १५५१ मध्ये ह्याचेही उत्तर दिले होते : देवावरील प्रेमापोटी झालेला परिपूर्ण पश्चात्ताप, त्यात पापनिवेदनाची इच्छा असेल तर, संस्कार मिळण्यापूर्वीच माणसाचा देवाशी समेट घडवतो. देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. जाफन्यातील एखादी म्हातारी रात्री रडली असेल, तर ते देवाने ऐकले, ह्यात शंका नाही. परंतु आपला पश्चात्ताप परिपूर्ण होता की केवळ भीतीचा, हे त्या म्हातारीला कोण सांगणार? संस्कार असतो तो ह्यासाठी, की माणसाला कानांनी ऐकता यावे. तिला ते ऐकायला मिळाले नाही. आणि जेथून धर्मगुरू सहज येऊ शकला असता ते गोवे काही दिवसांच्या प्रवासावर होते.

हीच गोष्ट तरुण फादर वाझ ह्यांच्या मनाला लागली. गोव्यात धर्मगुरूंची वाण नव्हती, उलट कित्येक गोमंतकीय धर्मगुरू नेमणुकीविना घरी बसून होते. वाझ ह्यांनी श्रीलंकेस जाण्याची परवानगी मागितली. गोव्याच्या धर्मप्रांताचा कारभार त्या वेळी कथीड्रलच्या धर्मगुरुमंडळाकडे होता. मंडळाने त्यांना श्रीलंकेऐवजी कॅनराला, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पाठवले. १६८१ ते १६८४ ते तेथे होते. मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी ह्या भागांत गोव्याहून गेलेली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती. आपल्या सिंधुदुर्गातील अनेक कॅथोलिक घरांची मुळेही अशीच गोव्यात आहेत. आपण उत्तरेस आलो, ते दक्षिणेस गेले, एवढाच फरक. कॅनरात एक वेगळीच अडचण होती. पोर्तुगालच्या राजाच्या धर्माधिकाराखालील धर्मगुरू एका बाजूस आणि रोमने नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो दुसऱ्या बाजूस, असा वाद पेटला होता. एकमेकांचा अधिकार नाकारला जात होता. सामान्य माणसास प्रश्न पडला की कोणाकडून मिळालेली पापक्षमा खरी. पाहा, तारणाचा प्रश्न कसा वेगवेगळ्या दारांनी आत येतो! वाझ ह्यांनी वाद वाढू दिला नाही. लोकांच्या मनातील संशय दूर होईल अशी तडजोड व्हावी म्हणून ते झटले, पडकी देवळे उभी केली, शाळा काढल्या, बंधुसंघ स्थापले. तीन वर्षांनी ते गोव्यास परतले.

परतल्यावर ते जुन्या गोव्यातील 'क्रूझ दोस मिलाग्रेस', म्हणजे चमत्कारांच्या पवित्र क्रूसाच्या चर्चपाशी एकत्र राहणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंच्या समूहात २५ सप्टेंबर १६८५ रोजी दाखल झाले. त्यांनी वाझ ह्यांना प्रमुख निवडले. ह्या समूहातून संत फिलीप नेरी ह्यांच्या नियमाप्रमाणे चालणारी गोव्याची ओरेटरी उभी राहिली. त्या वेळी युरोपियन धर्मसंघ गोमंतकीयांस सहसा आपल्यात घेत नसत. तेव्हा स्थानिक धर्मगुरूंनी स्वतःचा समूह उभारावा, ही घटना किती मोठी होती ह्याची कल्पना यावी. (आपल्या सावंतवाडीच्या कथीड्रलची स्वामिनी मिलाग्रीस माता आहे. नावातील हे साम्य आम्हास नेहमीच आवडते, ह्यापलीकडे त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही.)

१६८६ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले आणि जुआंव नावाच्या तरुण सेवकासह दक्षिणेची वाट धरली. तुतिकोरीनही डचांच्याच ताब्यात होते. धर्मगुरूचा झगा उतरवून, मजुराच्या वेषात, मिस्साची सामग्री गाठोड्यात लपवून दोघे पडावात बसले. वादळाने पडाव भरकटला, खाण्यापिण्याचे हाल झाले. १६८७ च्या पुनरुत्थान सणाच्या सुमारास ते मन्नारमार्गे जाफन्यास पोहोचले, तेव्हा दोघांनाही हगवण लागली होती. रस्त्याकडेला पडलेल्या ह्या परदेशी भिकाऱ्यांना एका स्त्रीने दररोज पेज आणून दिली. आपल्या कोकणात आजाऱ्याला जी पेज देतात, तीच. ती कोणत्या धर्माची होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. श्रीलंकेच्या ख्रिस्तसभेचे पुनरुज्जीवन त्या पेजेवर झाले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

बरे वाटू लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. कॅथोलिक कोण हे ओळखायचे कसे? विचारले तर जीव जाईल, त्यांचाही आणि आपलाही. फादर वाझ ह्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागत फिरू लागले. बहुतेकांनी मूठभर तांदूळ दिले आणि दार लावले. काही थोड्यांची नजर जपमाळेवर क्षणभर जास्त थांबली. त्या नजरा त्यांनी ध्यानात ठेवल्या. पुरेसा विश्वास वाटल्यावर त्यांनी एका कुटुंबाला, तुम्हांस धर्मगुरू भेटला तर हवा आहे काय, असे हळूच विचारले, आणि मग आपण कोण ते सांगितले. त्या घरात त्या रात्री काय झाले असेल ह्याची कल्पना आपण करावी. तीस वर्षांनी कोणीतरी पापनिवेदन ऐकायला बसले होते.

पुढे जाफन्याजवळील सिल्लालै ह्या गावी त्यांचा तळ पडला. हे गाव आपल्या श्रद्धेवर घट्ट राहिले होते. दिवसा लपायचे, रात्री मिस्सा अर्पण करायचा, पहाटेपर्यंत पापनिवेदने, स्नानसंस्कार, विवाहांना आशीर्वाद. ज्यांनी डचांच्या नोंदवहीत नाव घातले होते तेही आले. फादर वाझ ह्यांनी त्यांना दाराबाहेर उभे केले नाही. तुम्ही गमावले म्हणून रागे भरण्याऐवजी गमावलेले परत घ्या असे सांगायला ते आले होते. कॅथोलिक शिकवणीचा मथितार्थ आम्हास ह्या रात्रींमध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही ग्रंथात दिसत नाही. कृपा हरवू शकते असे जी ख्रिस्तसभा म्हणते, तिच्यावर हरवलेल्यांच्या शोधात जाण्याचीही जबाबदारी येते. ती जबाबदारी न घेता केवळ पहिले अर्धे वाक्य शिकवणे ही क्रूरता होय.

हे लपून राहणे शक्य नव्हते. १६८९ च्या नाताळात डचांनी जाफन्याच्या कॅथोलिकांवर छापा घातला. फादर वाझ निसटले, परंतु लोक पकडले गेले, त्यांना मारहाण व कैद झाली. ह्यात एक कटू गोष्ट होती. धर्मगुरू आला नसता तर त्यांना मार खावा लागला नसता. ही जाणीव फादर वाझ ह्यांना किती बोचली असेल! ते पुत्तळमकडे सरकले. हा भाग कँडीच्या राजाच्या राज्यात होता.

१६९२ मध्ये ते कँडीस गेले. तेथेही आधी तुरुंगच वाट्यास आला. एका फ्रेंच ह्युगनॉट गृहस्थाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चहाडी राजदरबारी केली. राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याने त्यांना कैदेत टाकले. त्या कैदेत ते सिंहली भाषा शिकले. पहारा सैल झाल्यावर आवारातच पवित्र मरियेच्या नावाने एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ त्यांनी उभारले आणि शहरातील कॅथोलिक काही ना काही निमित्त काढून तेथे येऊ लागले. पुढे मोठा दुष्काळ पडला. भर चौकात वेदी मांडून फादर वाझ ह्यांनी प्रार्थना केली व पाऊस आला, अशी परंपरा सांगितली जाते. राजाने त्यांना मोकळे सोडले आणि राज्यभर धर्मोपदेशाची परवानगी दिली. एक गोष्ट आपण विसरता कामा नये : ख्रिस्ती डचांनी ज्यांचा छळ केला त्या ख्रिस्ती लोकांना आसरा एका बौद्ध राजाने दिला. ऐकून आपणा ख्रिस्ती लोकांची मान खाली जावी अशी ही गोष्ट आहे.

१६९६ पर्यंत, म्हणजे सुमारे नऊ वर्षे, संपूर्ण बेटावर ते एकटे धर्मगुरू होते. वेषांतर करून ते डचांच्या मुलखातही जात, कधी भिकारी, कधी हमाल. त्यानंतर गोव्याच्या ओरेटरीतून जोसेफ द मिनेझिस आणि जोसेफ कार्व्हालो हे दोघे येऊन मिळाले. १६९७ मध्ये कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा शहर सोडून गेला. लोकांनी आपले रोगी रानात नेऊन टाकले. फादर वाझ ह्यांनी झोपड्या उभारल्या, त्यांत आजाऱ्यांना ठेवले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. ख्रिस्ती कोण आणि बौद्ध कोण हे पाहिले नाही. साथीनंतर कँडीत त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी आम्हास चमत्कारांपेक्षाही मोठी वाटते. आपण उद्या पकडले जाऊ, मरू, आणि लोक पुन्हा तीस वर्षे एकटे पडतील, ह्याची त्यांना पूर्ण जाणीव होती. म्हणून त्यांनी गावोगावी प्रापंचिक माणसे तयार केली. प्रार्थना चालवणारा, मुलांना शिकवणारा, मरणाऱ्याच्या उशाशी बसून पश्चात्तापाची प्रार्थना सांगणारा, गरज पडल्यास स्नानसंस्कार देणारा असा एकेक जण गावात असावा अशी व्यवस्था लागली. तमीळ भाषेत त्यांस अण्णावी व मुप्पू म्हणत. संस्कार पोहोचत नाही तेथे निदान योग्य पश्चात्ताप कसा करावा हे लोकांस माहीत असावे, हा त्यामागचा उद्देश आम्हास दिसतो. १७०५ मध्ये दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस आले आणि त्यांनी सिंहली व तमीळ भाषांत प्रार्थनेची, उपदेशाची पुस्तके लिहून ह्या व्यवस्थेला शब्द पुरवले. आपल्याकडे उन्हाळ्यात एका धर्मगुरूवर चार-चार स्थानकांचा भार पडतो तेव्हा जपमाळ चालवणाऱ्या वृद्ध भगिनींची आठवण ठेवावी.

फादर वाझ ह्यांस बिशप करण्याचा विचार झाला होता, त्यांनी तो नाकारला. गोव्यास ते कधीच परतले नाहीत. भटकंती, उपवास व ताप ह्यांनी शरीर झिजले होते. १७११ च्या जानेवारीत कँडीत ते अंथरुणास खिळले. सोबतच्या धर्मगुरूंनी अखेरचा उपदेश मागितला, तेव्हा आयुष्यभर टाळलेले काम मरणाच्या घटकेला सहज जमत नाही ह्याची त्यांनी आठवण करून दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. चोवीस वर्षे दुसऱ्यांची मृत्युशय्या गाठण्यासाठी धावलेला माणूस हे बोलत होता. आपण शेवटपर्यंत टिकलो म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला नाही, आणि टिकणार नाही ह्या भीतीने तो गांगरलाही नाही. पवित्र संस्कार घेऊन १६ जानेवारी १७११ रोजी त्यांनी प्राण सोडला. वय साठीला टेकलेले. त्या वेळी बेटावर सत्तर हजारांच्या आसपास कॅथोलिक होते, असा अंदाज चरित्रांतून दिला जातो.

टिकणे सर्वांस जमते असे नाही, आणि धर्मगुरूंसही नाही, हे त्या काळच्या ख्रिस्तसभेला चांगले ठाऊक होते. वाझ ह्यांच्या जन्माआधी अठरा वर्षे, १६३३ मध्ये, जपानातील जेज्विटांचे प्रमुख क्रिस्तोव्हांव फेर्रेरा ह्यांनी नागासाकी येथे असह्य छळाखाली विश्वास सोडला होता. त्याच नागासाकीत १५९७ मध्ये आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्रूसावर टिकले होते. एक टिकला, एक पडला. पडलेल्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाही. फेर्रेरांचे अखेर काय झाले ते देवास ठाऊक.

श्रीलंकेत पुढे काय झाले हे मात्र इतिहासास ठाऊक आहे. १७९६ मध्ये डचांची सत्ता गेली आणि इंग्रज आले. १८०६ मध्ये कॅथोलिकांवरील निर्बंध उठवण्यात आले. हुद्द्यासाठी, वारसासाठी नाव ठेवण्याची गरज संपली, तशी रिफॉर्म्ड चर्चच्या नोंदवहीतील नावे भराभर गळून गेली. कॅथोलिक मात्र उघडपणे पुढे आले. ह्यात आम्ही विजयाचा ढोल वाजवू इच्छित नाही, कारण पोर्तुगीजांच्या काळात आपल्या नोंदवह्यांतही अशी नावे होतीच. नोंदवहीतील नाव आणि तारण ह्या दोन गोष्टी वेगळ्या, हे दोन्ही बाजूंनी किंमत मोजून शिकले. पंथापंथांतील कडवटपणाही आज तसा राहिलेला नाही. नीतिमान ठरवले जाण्याविषयी कॅथोलिक व लूथरन ह्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे जे संयुक्त निवेदन केले, त्याच्याशी रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटनाही जुलै २०१७ मध्ये जोडली गेली. अखेरपर्यंत टिकण्याच्या प्रश्नावरील सारे मतभेद मिटले असे नव्हे. परंतु तारण देवाच्या कृपेनेच होते हे आता एकत्र बसून सांगता येते. मुंबईहून सुट्टीस आलेल्या मुलाला त्याच्या मित्राविषयी बोलताना हेही सांगावे.

गोव्याचे ओरेटोरियन फादर सेबास्तियांव द रेगो ह्यांनी वाझ ह्यांचे पहिले चरित्र लिहिले, ते १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी तेथेच, समुद्रालगतच्या गॉल फेस मैदानावर, त्यांना संतपद दिले. त्यांना कँडीत मूठमाती दिली गेली, परंतु ते चर्च पुढे पाडले गेले, आणि त्यांची कबर नेमकी कोठे होती हे आज कोणालाही दाखवता येत नाही. सांकवाळला जाणाऱ्या यात्रेकरूंनी अवशेषांविषयी विचारले तर त्यांना एवढेच सांगावे लागते.